नवरदेव, पाव्हणा आणि गडी

२०१९ च्या मे महिन्यात आप्पासाहेब एका लग्नाहून परतले ते डोक्यावरचा फेटाही न काढता थेट ऑफिसात शिरले. ऑफिस म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागची पत्र्याची खोली. आत एक कूलर, दोन फोन आणि त्या दोन फोनांच्या मागं रत्नमाला. बाहेरच्या मोकळ्या जागेत आप्पासाहेबांचे चौदा टँकर उभे राहायचे. तेही फक्त पहाटे. एरवी ते रस्त्यावरच असायचे, कारण त्या वर्षी जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं आणि शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं रोज नवी इमारत उभी राहत होती. तिला लिफ्ट होती, बगिचा होता, दारावर कारंजं होतं. फक्त पाणी नव्हतं.

"रत्नमाला, काम मिळालं!" आप्पासाहेब म्हणाले. "बायपासची ती नवी स्कीम नाय का? सगळ्या इमारतींचं पाणी आपल्याकडं. बिल्डर माझ्याच पंगतीला होता. जिलबी वाढायच्या आत पक्कं केलं."

"मग तुमचं तोंड असं काहून झालं?"

आप्पासाहेब खुर्चीत टेकले. "अट घातली ओ त्यानं. दर खेपेला टँकरचा फोटो पायजे, फोटोत नंबर दिसला पायजे, आन् टँकर कुठं पोचला ते त्याच्या माणसाला नकाशावर दिसलं पायजे. सोमवारपासून."

रत्नमालानं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर सांडू ड्रायव्हर आपला बटणांचा फोन रबरानं बांधत होता. त्या फोनचं झाकण हरवून जमाना झाला होता. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. नकाशा दाखवणारा फोन एकाकडंही नव्हता.

"म्हणजे सगळ्यांना फोन घ्यावे लागतील," ती म्हणाली.

"घेऊ. पण स्वस्तातले पायजेत, आन् टिकले बी पायजेत. आन् निवडायचे तू."

"मी?"

"मग कोण, मी? वॉकीटॉकी कुणी आणले होते?"

तो विषय रत्नमालानं कधी काढला नसता. मागच्या वर्षी आप्पासाहेबांनी एका प्रदर्शनातून वॉकीटॉकी आणले होते. ते फाटकापर्यंत छान चालायचे. फाटकाबाहेर टँकर गेला की नुसती खरखर. शेवटी ते आप्पासाहेबांच्या नातवंडांनी खेळायला नेले.

रत्नमाला मूळची पैठणकडची. लग्नानंतर शहरात आली. आप्पासाहेबांच्या ऑफिसात फोन घ्यायला लागली, तेव्हा टँकर तीन होते. शहरातल्या कॉलन्या तिला तोंडपाठ होत्या, आणि कुठल्या साईनगरातल्या बाया भांडतात, कुठल्या साईनगरातल्या चहा देतात, हेही. पण तिच्या हातातला स्वतःचा फोन भावानं वापरून दिलेला होता, त्याच्या आधीचा नवऱ्यानं वापरून दिलेला. नवा कोरा फोन खोक्यातून काढायचा कसा असतो, हे तिनं फक्त बघितलं होतं. आता तिला एक नाही, पंधरा-सोळा निवडायचे होते. घरी जाताना ती रिक्षात एकटीच हसत होती. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सांडूचा रिकामा टँकर उस्मानपुऱ्याकडून जाणार होता. रत्नमाला त्यात चढली. उस्मानपुऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर श्रेया होती. दुकान तिच्या वडिलांचं, पण दोन वर्षांपासून सगळा कारभार ती बघायची. तिनं रस्त्यावर थांबलेला टँकर बघितला, त्यातून पदर सावरत उतरणारी बाई बघितली, आणि म्हणाली, "ताई, पाणी आमच्याकडं कालच येऊन गेलं."

"पाणी द्यायला नाय आले. फोन घ्यायला आले. बरेच लागतील."

श्रेयानं लगेच स्टूल पुढं केलं.

रत्नमालाचे प्रश्न ऐकून आधी तिला हसूच आलं. ओल्या बोटानं चालतो का? बोटाला ग्रीस असलं तर? डिझेलच्या इंजिनाशेजारी ऐकू येतं का? माणूस केबिनमधून उतरताना खिशातून पडला तर? उन्हात काचेशी ठेवला तर? वाचता येत नसलेल्या माणसानं काय करायचं?

"ताई, लोक मला फक्त सेल्फी कशी येते ते विचारतात," श्रेया म्हणाली.

"ते बी विचारणारच होते," रत्नमाला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

श्रेयानं तीन फोन काउंटरवर मांडले. पहिला पातळ, सोनेरी, आरशासारखा. दुसरा निळा, धड पातळ नाही धड जाड नाही. तिसरा काळा, जाडजूड, मागचं झाकण नखानं उघडणारा. त्याची बॅटरी काढून दुसरी घालता येत होती. पहिल्याच्या किमतीत तिसरे दोन आले असते आणि वर कव्हरं आली असती. निळ्याची किंमत त्यांच्या मधली.

सांडू दारात उभा राहून बघत होता. "हा नवरदेव," सोनेरी फोनकडं बोट दाखवून तो म्हणाला. "हा लग्नाला आलेला पाव्हणा. आन् हा काळा म्हंजे मांडव घालणारा गडी."

नावं तिथंच पडली. श्रेयासुद्धा मग तेच म्हणायला लागली.

रत्नमालानं नवरदेव हातात घेतला. तो इतका हलका होता की तिला भीती वाटली. तिनं त्यात स्वतःचा फोटो काढला. फोटोत तिच्या चेहऱ्यावर ऊन नव्हतं, घाम नव्हता, डोळ्यांखालचं काळंही गेलं होतं. "अगं बाई," ती म्हणाली. मनातल्या मनात तिनं तेव्हाच नवरदेव निवडून टाकला होता. आप्पासाहेबांना काय सांगायचं, याची वाक्यं ती जुळवायला लागली होती.

"ताई, मी काय म्हणते," श्रेया म्हणाली, "हे तिन्ही दाखवायचे फोन आहेत. उद्या दिवसभर घेऊन जा. टँकरवर वापरून बघा. इथं एसीत बसून कुणालाच काही कळणार नाही. मलापण नाही."

"मोडला तर?"

"मग मला तरी कळेल ना कसा मोडतो ते!"

तर ती परीक्षा अशी ठरली. दिवसभर रत्नमाला सांडूच्या टँकरवर. मग ऑफिसचे फोन कोण घेणार?

"मी घेतो," आप्पासाहेब छाती पुढं काढून म्हणाले. "त्यात काय हाय? हॅलो म्हणायचं आन् टँकर पाठवायचा."

सकाळी केबिनमध्ये काचेशी तिन्ही फोन ओळीनं मांडले. सगळ्या फोनांना श्रेयानं सिम घालून दिलं होतं आणि एक ग्रुप बनवून दिला होता. पहिली खेप देवळाईकडची. टँकर खड्ड्यातून गेला की तिन्ही फोन टुणकन उडायचे आणि रत्नमाला तिघांनाही दोन हातांनी धरायची. सांडूला हसू आवरेना. "ताई, कोंबड्या घेऊन बाजारला चाललात जणू!"

आप्पासाहेबांचा पहिला फोन सूर्य वर यायच्या आत आला. "रत्नमाला, हे साईनगर कोणतं?"

"कुणाचा फोन व्हता? बाई व्हती का माणूस?"

"बाई. लई बोलत व्हती."

"मग साताऱ्याकडचं. पाठवा लवकर."

दुसरा फोन पाठोपाठ. "आगं, एक जण म्हणतो लिंबाच्या झाडापाशी टँकर पाठवा. कोणतं लिंबाचं झाड?"

"तोडलं ते. तिथं आता जिम हाय."

नंतर त्यांनी कितीदा फोन केला याची मोजदाद नाही. हे सगळे फोन रत्नमालानं आळीपाळीनं तिघांवर घेतले, म्हणजे तीही परीक्षा होऊन गेली. पाव्हण्यावर आप्पासाहेब विहिरीतून बोलल्यासारखे वाटायचे. गड्यावर ते शेजारच्या सीटवर बसून ओरडल्यासारखे वाटायचे. नवरदेवावर त्यांचा आवाज इतका गोड यायचा की सांडू म्हणाला, "हे आपले मालक नाहीत."

ऊन चढलं. केबिनचा पत्रा तापला. दुसऱ्या खेपेला देवळाईच्या अलीकडं नवरदेवानं एकदम काळं तोंड केलं. पडद्यावर काहीतरी लिहून आलं आणि मग तेही गेलं.

"काय म्हणाला?" सांडूनं विचारलं.

"म्हणाला, लई गरम झालंय, मी बंद होतो."

"आन् आपण?"

रत्नमाला हसता हसता सीटवरून घसरली. पण आतून तिला खरोखर वाईट वाटलं. तिनं नवरदेवाला पदरात गुंडाळलं, पाण्याच्या बाटलीशी टेकवलं, फुंकर घातली. तो उठेना. तिनं आप्पासाहेबांसाठी जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

देवळाईच्या पुढच्या कॉलनीत टँकर थांबला तेव्हा बायांची ओळ लागलेलीच होती. ड्रम, घागरी, बादल्या, एकीनं तर बाळाचा टब आणला होता. या लोकांची टाकी अजून बांधून व्हायची होती, म्हणून पाइप लावून एकेकीचं भरायचं. सांडूनं गड्याला रिकाम्या दुधाच्या पिशवीत घातलं, तोंडाशी गाठ मारली. पाणी उडतं म्हणून ही त्याची युक्ती. स्पीकर पिशवीतूनही ऐकू येतो का, हे बघायला त्यानं लग्नात नाचायचं एक गाणं लावलं, आणि पाणी किती उरलं ते बघायला शिडीवरून टँकरच्या माथ्यावर चढला. झाकण उघडलं, वाकला, आणि पिशवी त्याच्या शर्टाच्या खिशातून सटकली.

डुबुक.

क्षणभर काहीच नाही. मग टँकर गायला लागला.

पिशवीत हवा होती म्हणून गडी बुडाला नव्हता, पाण्यावर तरंगत होता. आणि लोखंडी टाकीत ते गाणं असं घुमलं की ढोल, सनई, गाणारा, सगळं मोठ्ठं होऊन पाइपातून, झाकणातून, पत्र्यातून बाहेर आलं. ओळीतल्या बाया आधी मागं सरकल्या. मग भागूबाई नावाची एक पासष्टीची बाई पुढं आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. ती मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेली होती. तिनं टँकरला कान लावला.

"आत वरात चाललीय," तिनं जाहीर केलं.

मग सगळ्यांनीच कान लावले. टँकरच्या दोन्ही बाजूंनी बाया पत्र्याला गाल लावून उभ्या राहिल्या आणि पत्रा थरथरत होता म्हणून गुदगुल्या होऊन हसायला लागल्या. कुणीतरी ठेका धरला. कुणीतरी रिकामी घागर वाजवली. बाळाच्या टबवाली चक्क नाचायला लागली. इतके दिवस या ओळीत फक्त भांडणं झाली होती. रत्नमालाला ती भांडणं फोनवर ऐकू यायची. आज तिच्यासमोर त्याच बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, आणि पाइप कुणाच्या ड्रममध्ये आहे याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

सांडू वर डोकं धरून बसला होता. "ताई, म्या आत उतरू?"

"पिण्याचं पाणी हाय ते!" खालून भागूबाई ओरडली. "खबरदार पाय घातलास तर! बादली दे. दोरी दे."

आणि ती नऊवारीचा काचा घट्ट करून शिडी चढली. लोक खालून "आजी, नको" म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. "तुमच्या नळाच्या आधीपासून मी विहिरीवर हाय," ती म्हणाली आणि बादली आत सोडली. वाकून, मनगटाला एक हिसका देऊन, तिनं ती आडवी केली. पहिल्यांदा गाणं बादलीच्या बाजूनं निघून गेलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ते बादलीत आलं. भागूबाईनं हाताहातानं दोरी ओढली आणि गाणं टाकीतून वर, उजेडात आलं आणि एकदम लहान झालं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. रत्नमालानं पिशवी उघडली. गडी आतून कोरडा होता. पिशवीला दुधाचा वास येत होता, तेवढाच.

"ह्यो किती रुपयांचा फोन?" एकीनं विचारलं.

"लई स्वस्त हाय," रत्नमाला म्हणाली.

"मग मला बी घ्या एक!"

तिथून निघायला उशीर झाला. आप्पासाहेबांचे फोन येत होते, पण रत्नमाला आणि सांडू दोघांनाही बोलता येईना. एकानं "हॅलो" म्हटलं की दुसरा फिस्कन हसायचा. शेवटी रत्नमालानं गड्यावरच एक आवाजी निरोप पाठवला, "आप्पासाहेब, टँकर गातोय, नंतर बोलते." तो निरोप ऐकून आप्पासाहेबांना वाटलं की तिला ऊन लागलं. त्यांनी घाबरून सोनाजीला सांगितलं, "विहिरीवर जाऊन बघ रे, ती बाई ठीक हाय का."

सोनाजी कंपनीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर नव्हता, पण वयानं मोठा होता. त्याचं सगळं घराणं मेंढरं राखणारं. दोन वर्षांपूर्वी चारा संपला, कळप अर्धा झाला, तेव्हा त्यानं भावाला म्हटलं, कळप तू बघ, मी शहरात जातो. तेव्हापासून तो टँकर चालवत होता. बोलायचा फार कमी. व्हय आणि नाय, एवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

चिकलठाण्याच्या पलीकडं ज्या विहिरीवरून टँकर भरायचे, तिथं तो पोचला तेव्हा रत्नमाला डिझेल पंपाशेजारी उभी राहून फोनात "हॅलो, हॅलो" करत होती. पंपाच्या धडधडीत कोणत्या फोनवरून पलीकडं नीट ऐकू जातं, ही शेवटची परीक्षा उरली होती. पलीकडं दुकानात श्रेया होती, पण तिच्याकडं गिऱ्हाईक आलं होतं.

"सोनाजीमामा," रत्नमाला म्हणाली, "तुमच्या कुणाकडं असा फोन हाय का? तोंड दिसतं तसला?"

सोनाजी म्हणाला, "पुतणसुनेकडं हाय. शीलाकडं."

"ती कुठं असते?"

"पुंडलिकासंगं. धरणात."

धरणात म्हणजे जायकवाडीच्या उघड्या पडलेल्या तळात. पाणी मागं हटलं होतं, आणि त्या ओल्या मातीवर जरा हिरवं उगवलं होतं. सोनाजीचा भाऊ पुंडलिक पैठणच्या अलीकडं तिथंच मेंढरं घेऊन बसला होता.

रत्नमालानं नंबर लावून दिला. नवरदेव आता शुद्धीवर आला होता, म्हणून आधी तोच. पडद्यावर शीला दिसली, ओढणी डोक्यावर, मागं नुसतं आकाश. मग तिनं फोन फिरवला. आणि सोनाजीनं मेंढरं पाहिली.

त्यानं फोन दोन्ही हातांत धरला. "हैत," तो म्हणाला. "सगळी हैत."

"मामंजी, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय!" शीला ओरडली. "नुसतं गुणगुण येतंय!"

सोनाजीनं बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. साधी शीळ नव्हे. लांब निघून मध्येच मोडणारी, त्यांच्या घरातली, मेंढरं माघारी बोलवायची. विहिरीवरचे सगळे ड्रायव्हर वळून बघायला लागले. पडद्यावर एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

"वाजवली का शीळ?" शीला म्हणाली. "आलीच नाय."

नवरदेव फार शहाणा होता. गोंगाट आहे असं समजून त्यानं पंपाबरोबर शीळही गाळून टाकली होती. मग पाव्हणा. त्यावर शीळ गेली, पण तुटत तुटत. एका मेंढीनं कान हलवला आणि परत चरायला लागली. ड्रायव्हर आता सोनाजीभोवती गोळा झाले होते. "मामा, जोरात!" "मामा, अजून एक!" टँकर भरून वाहायला लागला होता, आणि सांडू पंप बंद करायला धावला तर रत्नमाला ओरडली, "पंप नका बंद करू! त्याचीच तर परीक्षा हाय!" सांडूनं पाइप तेवढा दुसऱ्या टँकरमध्ये ढकलला.

मग गडी. सोनाजीनं छातीभर दम घेतला.

गड्याला गाळणं-बिळणं काही येत नव्हतं. त्यानं पंप, धडधड, ड्रायव्हरांचा आरडाओरडा आणि शीळ, सगळं जसंच्या तसं उचललं आणि धरणात नेऊन ओतलं. पडद्यावर शीला दचकली. तिच्यामागं पुढची मेंढी थांबली. मान वर झाली. दुसरी. तिसरी. सगळा कळप चरायचा थांबला, आणि मग एक जुनी काळी मेंढी फोनच्या दिशेनं पळत सुटली आणि तिच्यामागं बाकीची.

"मोरी!" सोनाजी ओरडला. "मोरी आली बघा! तिनं वळखलं!"

पडदा धुळीनं भरला. शीलाचं किंचाळणं, पुंडलिकाचं "आरं काय झालं, काय झालं," मग फोन बहुतेक मातीत पडला, कारण नुसतं आकाश दिसायला लागलं, आणि त्या आकाशात खालून एक काळं नाक आलं. ते नाक पडद्यावर वास घेत फिरलं. मग एक डोळा आला. मोरी फोनच्या मागं सोनाजीला शोधत होती.

विहिरीवर असा गोंधळ झाला की पलीकडच्या रस्त्यानं जाणारी एसटी थांबली. ड्रायव्हर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, सांडू पाण्यात नाचत होता. सोनाजी मेंढराशी बोलत होता. दोन वर्षांत तो जेवढं बोलला नव्हता तेवढं बोलला. ऊन कसंय, पाय दुखतो का, लोकर काढली का. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. रत्नमाला टँकरच्या चाकाला टेकून बसली होती आणि पोट धरून म्हणत होती, "पुरे, मामा, पुरे, माझ्या बरगड्या मोडतील."

निवड झाली होती. दुकानात परत जाऊन तिनं श्रेयाला सांगितलं, तेव्हा श्रेयानं सगळं दोनदा सांगायला लावलं, एकदा टँकरचं, एकदा मेंढरांचं. मग म्हणाली, "आणि ताई, गड्याची काच फुटली तर मी इथंच बसवून देते, तुमचा चहा होईपर्यंत. बॅटरी दमली तर बदलायची. नवरदेवाची काच फुटली तर त्याला पुण्याला पाठवावं लागतं. सगळ्यांना एकच चार्जर घ्या, दोन फोन जास्तीचे ठेवा. म्हणजे कुणाचा बिघडला तरी खेप थांबणार नाही."

सगळं ठरलं असं वाटलं, आणि तेव्हा गड्यानं दर खेपेला काढून ग्रुपवर टाकलेले फोटो कुणीतरी बघितले.

आप्पासाहेबांनीच बघितले. ते फोटो हातभर लांब धरून, मग डोळ्यांजवळ आणून, मग चष्मा लावून, मग काढून बघत राहिले. "हा टँकर हाय का म्हैस?"

"टँकर," रत्नमाला म्हणाली. "तुमचाच."

"नंबर कुठाय?"

नंबर कुठंच नव्हता. गड्याचा कॅमेरा यथातथाच होता. टँकरच्या मागं बोटभर उंचीचे आकडे होते, ते फोटोत मुंगीसारखे आले होते. बिल्डरची अट नेमकी तीच. रत्नमाला खुर्चीत बसून राहिली. दिवसभराचं हसू एकदम कुठं गेलं ते कळेना. कॅमेरा पाव्हण्याचा चांगला होता. पण पाव्हण्यावर ऐकू येत नव्हतं, आणि सगळ्यांसाठी पाव्हणे घ्यायचे म्हणजे आप्पासाहेबांनी आखलेल्या खर्चाच्या बाहेर जायचं.

तिनं श्रेयाला फोन लावला. श्रेयानं सगळं ऐकून घेतलं. "ताई," ती म्हणाली, "कॅमेरा मोठा नाही करता येणार. आकडा मोठा करता येईल ना?"

रत्नमालानं फोन आप्पासाहेबांच्या कानाला लावला. "सांग, परत सांग," ती म्हणाली. आप्पासाहेबांनी ऐकलं. मग टेबलावर अशी थाप मारली की कूलर बंद पडला.

"पेंटर बोलवा!"

रविवारी दिवसभर मुकुंदवाडीत रंगाचा वास होता. पेंटरनं प्रत्येक टँकरच्या मागं आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे पिवळे आकडे काढले. आपला आकडा कसा असावा यावर ड्रायव्हरांनी इतके सल्ले दिले की पेंटर दोनदा ब्रश टाकून निघून गेला आणि दोनदा चहा पाजून त्याला परत आणलं. सांडूचा टँकर सात नंबरचा, त्यानं त्या सातला शेपटी लावून घेतली. सोनाजीच्या टँकरवर आकड्याशेजारी एक मेंढरू आलं. ते कुत्र्यासारखं दिसत होतं, पण सोनाजीला आवडलं. त्याच्या शेजारी उभं राहून त्यानं सगळ्यांकडून गड्यावर फोटो काढून घेतला. त्या फोटोत सोनाजी ओळखू येत नव्हता. आकडा मात्र स्टेशनावरून वाचता आला असता.

सोमवारी सकाळी श्रेया स्वतः खोकी घेऊन आली. प्रत्येकानं आपलं खोकं आपल्या हातानं उघडलं. रत्नमालालाही एक खोकं मिळालं. तिनं ते सगळ्यांच्या शेवटी उघडलं, सावकाश, वरचं प्लॅस्टिक न फाडता. मग खोक्यांबरोबर आणून टेबलावर ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर श्रेयानं तिला नकाशा उघडून दिला.

टँकर एकेक करून फाटकाबाहेर पडले आणि नकाशावर ठिपके निघाले. आधी सगळे एका घोसात, मग जालना रोडवर माळेसारखे, मग कोणी साताऱ्याकडं, कोणी देवळाईकडं, कोणी थेट बायपासला. इतकी वर्षं रत्नमाला या खोलीतून सगळ्या गावांची, गल्ल्यांची, कॉलन्यांची नावं फोनात बोलली होती. आता ती सगळी एका काचेवर होती आणि त्यांच्यातून तिची माणसं चालली होती. ती उभी राहिली. बसवेना.

"अय्या, सांडूभाऊ वळला बघा! अहो, सोनाजीमामा त्याला मागं टाकून चालले! श्रेया, बघ, बघ!"

आप्पासाहेब तिच्या खांद्यावरून बघत होते. मग त्यांनी जास्तीच्या दोन फोनांतला एक उचलला. "हा चालू करून दे."

"कशाला? तुम्ही तर इथंच हात."

"दे तर खरं."

श्रेयानं चालू करून दिला. आप्पासाहेब बाहेर गेले, जीप काढली आणि धुरळा उडवत फाटकाबाहेर पडले. थोड्याच वेळात रत्नमालाचा फोन वाजला.

"मी दिसतो का?"

तिनं पडद्यावर बघितलं. जालना रोडवर एक नवा ठिपका निघाला होता. "दिसता की! चौकातून पुढं गेलात."

"आन् आता?"

"सिडको बसस्टँडकडं."

"आन् आता? आता कुठं हाय मी?"

"तिथंच हात. सिग्नल लागलाय तुम्हाला."

पलीकडून आप्पासाहेबांचं हसणं ऐकू आलं. मागं हॉर्न वाजत होते, रिक्षावाले ओरडत होते, आणि गडी ते सगळं जसंच्या तसं आणून टेबलावर ओतत होता. "बरोबर!" आप्पासाहेब ओरडले. "आगं, एकदम बरोबर! थांब, आता मी वळतो, न सांगता वळतो. बघ कुणीकडं वळतो ते!"